जुन्या गाडीचं कूलंट जातंय कुठे? गळती शोधायची कशी आणि बंद करायची कशी

"जुनी गाडी आहे, थोडं पाणी पिणारच" हे वाक्य मेकॅनिकपासून सासऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतं. तर पहिली गोष्ट, गाडी पाणी पीत नाही. कूलिंग सिस्टिम ही बंद सिस्टिम आहे, तिच्यातलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी आणि रसायनाचं मिश्रण, फिरतं, गरम होतं, थंड होतं, पण कमी व्हायचं काही कारण नसतं, धडधाकट गाडीत महिनोन्महिने कूलंटच्या बाटलीची (बॉनेटखालची ती प्लास्टिकची छोटी टाकी) लेव्हल जवळजवळ तिथेच राहते. कमी होतंय म्हणजे कुठूनतरी जातंय, आणि जायचे रस्ते तीनच आहेत: गाडीच्या बाहेर, गाडीच्या आत म्हणजे केबिनमध्ये, नाहीतर थेट इंजिनच्या पोटात. आपल्याला फक्त यातला कुठला ते शोधायचंय. दर आठवड्याला बाटलीभर पाणी ओतत राहणं हा इलाज नाही, आणि न शोधता "रेडिएटर बदलून टाका" हा तर अजिबात नाही.

हे सगळं मी नवशिक्यांसाठी लिहितोय, ज्यांच्याकडे ८००, झेन, जुनी वॅगन आर, सँट्रो, इंडिका असली काहीतरी गाडी आहे, पंधरा वर्षं होऊन आरसी रिन्यू करून घेतलीय किंवा करायचीय, आणि बॉनेट उघडायला भीती वाटत नाही पण आत बघायचं काय ते कळत नाही. माझी स्वतःची २००६ ची वॅगन आर आहे, एमएच-०४, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये वाढलेली, त्यामुळे उदाहरणं तिचीच येतील. डिझेल गाडीवाल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू आहे.

आधी सेफ्टी, हे स्किप करू नका

इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. कधीच नाही. फडकं गुंडाळून पण नाही, हळूहळू पण नाही. कारण असं की झाकण आत दाब धरून ठेवतं. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो बघा, तो दाबाचा. ०.९ बारच्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, कूलंट मिसळलेलं असेल तर त्याच्याही वर जातं. म्हणजे घरातला कुकर जसा शिट्टी न काढता उघडायचा नाही तसंच हे, झाकण फिरवलं की दाब एकदम जातो, आणि शंभराच्या वर गेलेलं ते पाणी त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. वरचा जाड रबरी पाईप हाताने दाबून बघा, टणक लागला तर दाब आहे, मऊ आणि थंड लागला तरच उघडा. सगळ्यात सोपं म्हणजे हे काम सकाळी गाडी चालू करायच्या आधी करा.

दुसरं, पंख्यापासून हात लांब. बऱ्याच गाड्यांत पंखा इलेक्ट्रिक असतो आणि तो केव्हाही सुरू होऊ शकतो, काहींमध्ये तर चावी काढल्यावर पण. तिसरं, कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी आहे आणि चवीला गोड, त्यामुळे सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. सांडलं की लगेच भरपूर माती किंवा भुसा टाकून उचला, तसंच पडू देऊ नका. मुलांपासून पण लांब ठेवा, जुन्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून तर अजिबात ठेवू नका.

सामान फार लागत नाही. मोबाईलचा टॉर्च, एक छोटा आरसा, स्क्रू ड्रायव्हर, पकड, १० आणि १२ चा पाना, एक टब, जुनी फडकी, मार्कर पेन आणि टीव्हीच्या नाहीतर फ्रीजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा.

गाडीखाली पडलंय ते नक्की कूलंटच आहे का?

ठाण्यात आणि नवी मुंबईत हा प्रश्न आधी विचारायचा, कारण आपल्याकडे गाडीखाली पाणी असायला शंभर कारणं आहेत. एसीचं पाणी हे सगळ्यात मोठं. आपल्या दमट हवेत वाशीहून ठाण्याला एसी लावून आलात तर गाडी लावल्यावर डाव्या बाजूला पुढच्या सीटखाली चांगलं थारोळं होतं, ते नॉर्मल आहे, उलट ते पडत नसेल तर ड्रेन पाईप चोंदलाय. दुसरं म्हणजे सकाळी गाडी पुसणारे काका, त्यांच्या बादलीचं पाणी गाडीखाली सांडतंच, आणि तुम्ही आठ वाजता खाली उतरून घाबरता. पावसाळ्यात तर विचारूच नका.

म्हणून रात्री गाडी लावताना पुढच्या चाकांच्या मध्ये पुठ्ठा सरकवा आणि सकाळी काका यायच्या आधी काढून बघा. एसीचं पाणी नुसतं पाणी असतं, पुठ्ठा वाळला की डाग जवळजवळ राहत नाही. कूलंट बोटाला बुळबुळीत लागतं, त्याला गोडसर वास असतो, हिरवा, गुलाबी, निळा असा काहीतरी रंग असतो. तेल असेल तर पुठ्ठ्यावर काळा-तपकिरी तेलकट डाग पसरतो. पण आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं नुसतं नळाचं पाणी घातलं असेल तर रंग-वास काही मिळणार नाही, गंजासारखं तांबूस पाणी मिळेल, ते सुद्धा कूलिंग सिस्टिमचंच समजा. पुठ्ठ्यावर डाग कुठे पडलाय ते पण मार्करने लिहून ठेवा, पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. थेंब बरोबर गळतीच्या खालीच पडतो असं नाही, तो ओघळत येतो, पण शोधायला सुरुवात कुठून करायची ते कळतं.

लेव्हल मार्क करा, बाटलीवर पण आणि रेडिएटरमध्ये पण

थंड गाडी, सपाट जागा. बाटलीवर मार्करने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. मग, आणि हे नव्वद टक्के लोक करत नाहीत, ज्या गाडीत रेडिएटरलाच झाकण आहे तिथे ते उघडून आत बघा. अगदी गळ्यापर्यंत भरलेलं दिसलं पाहिजे.

बाटली फुल आणि रेडिएटर रिकामा असं होऊ शकतं, आणि जुन्या गाड्यांमध्ये हे सर्रास होतं. काय होतं की इंजिन तापलं की कूलंट फुगतं, जास्तीचं झाकणातून बारीक पाईपने बाटलीत जातं, इंजिन थंड झालं की तेच परत आत ओढलं जातं. झाकणात दोन वॉल्व्ह असतात, एक जायचा आणि एक यायचा. यायचा वॉल्व्ह अडकला किंवा तो बारीक पाईप कुठे चिरला तर बाटलीतलं परत येतच नाही, त्याच्या जागी हवा ओढली जाते. बाटली भरलेली दिसते, तुम्ही खुश, आणि रेडिएटर हळूहळू रिकामा होत राहतो. एखादवेळी वरचा होज, म्हणजे तोच जाड रबरी पाईप, चपटा होऊन आत ओढलेला दिसतो, ती पण याचीच खूण.

किती वेगाने कमी होतंय त्यावरून बराच अंदाज येतो. रोज बोटभर जात असेल तर गळती डोळ्याला दिसणारी आहे, पुठ्ठ्यावर सापडेल. महिन्याला थोडंसं, आणि पुठ्ठा कोरडा, तर मग ते गरम इंजिनवर पडून तिथेच वाळतंय, नाहीतर झाकणातून वाफ होऊन जातंय, नाहीतर केबिनमध्ये किंवा इंजिनात.

आता डोळ्याने शोधायचं, वरून खाली

नियम एकच, ओली दिसणारी सगळ्यात वरची जागा म्हणजे गळतीची जागा. खाली जे दिसतं ते ओघळलेलं असतं, आणि पुढचा वारा ते मागे उडवतो, म्हणून रेडिएटर फुटलाय आणि ओलं इंजिन दिसतंय असं होतं. ओलं नसेल तर वाळलेला थर शोधा. कूलंट वाळलं की पांढरट किंवा हिरवट पावडरीसारखं चिकटून राहतं, कडेला खडबडीत. ही पावडर म्हणजे तुमचा पुरावा. म्हणून इंजिन वॉश करून घेऊन मग शोधायला जाऊ नका, आधी बघा, फोटो काढा, मग धुवा.

झाकणापासून सुरू करा. झाकणाच्या खालची रबरी रिंग कडक झालीय का, चिरलीय का, रेडिएटरच्या गळ्याभोवती पावडर आहे का. मग रेडिएटरची वरची टाकी. हल्लीच्या म्हणजे गेल्या वीसेक वर्षांतल्या बहुतेक रेडिएटरना मधला भाग ॲल्युमिनियमचा आणि वर-खाली किंवा डावी-उजवीकडे प्लास्टिकच्या टाक्या असतात, पत्रा वाकवून घट्ट बसवलेल्या. त्या जोडावर नखाने खरवडून बघा. प्लास्टिक वर्षानुवर्षं तापून तपकिरी पडतं आणि केसाएवढी चीर जाते, थंड असताना बंद, गरम झाली की उघडी.

मग वरचा होज. दोन बोटांत धरून दाबा, पूर्ण लांबीभर. चांगला रबर दाबला की परत येतो. कुरकुर आवाज आला, बारीक भेगा दिसल्या, किंवा उलट एखाद्या ठिकाणी पाव-बटरसारखा मऊ लागला तर तो गेला. होजवर इंजिन ऑइल गळत असेल तर रबर लवकर फुगतो, मग आधी ऑइलची गळती थांबवा नाहीतर नवा होज पण तसाच होणार. क्लिपच्या खाली बघायला विसरू नका, भेग बहुतेक वेळा क्लिपच्या कडेलाच पडते आणि वरून दिसत नाही, तिथे आरसा लागतो. खाडीच्या बाजूला, ऐरोली-वाशी-नेरूळ पट्ट्यात राहणाऱ्यांनी क्लिपचा गंज पण बघा. आणि स्टिल्ट पार्किंगमध्ये उंदीर असतील तर दातांच्या खुणा, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, बारीक पाईप त्यांना फार आवडतात.

पुढे थर्मोस्टॅटचं हाउसिंग, म्हणजे वरचा होज इंजिनला जिथे जाऊन मिळतो ती टोपी. तिच्या खाली गॅस्केट किंवा ओ-रिंग असते, म्हणजे जोड गळू नये म्हणून बसवलेलं सील, ती कडक होते. आणि तिथून खाली इंजिनच्या मागच्या अंगाने जाणारा लोखंडी पाण्याचा पाईप असेल तर त्याच्यावर टॉर्च नक्की मारा. नुसतं पाणी घातलेल्या गाड्यांमध्ये हा पाईप आतून गंजतो आणि वरून रंग शाबूत दिसतो, बोटाने दाबलं की पापुद्रा निघतो. मागे फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यात, शिरणारे दोन हीटरचे होज असतात, ते कोणीच बघत नाही, तुम्ही बघा.

वॉटर पंपाकडे जरा वेळ द्या. पंपाच्या अंगावर, पुलीच्या मागे, खालच्या बाजूला एक छोटं भोक असतं. ते फॅक्टरीनेच मुद्दाम दिलेलं असतं. पंपाचं आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये जाऊ नये म्हणून त्या भोकातून बाहेर पडतं. आरसा खाली धरा, टॉर्च वरून मारा. भोकाखाली अश्रूच्या ओघळासारखी पांढरी किंवा तांबूस रेघ दिसली आणि ती बोटाला दमट लागली तर सील गेलंय. भोक बुजवायचं नाही, असं करणारे महाभाग पण मी पाहिलेत, मग बेअरिंग पाण्यात भिजतं आणि पंप जाम होतो. गाडी बंद असताना पुली हाताने धरून हलवून बघा, वर-खाली खेळतेय असं वाटलं किंवा इंजिन चालू असताना घर्रर्र आवाज येतोय तर पंप बदलायची वेळ झाली.

काहीच सापडलं नाही तर प्रेशर टेस्ट

ही टेस्ट लोकांना माहीतच नसते आणि सगळ्यात जास्त पैसे हीच वाचवते. एक हातपंप असतो, त्याला घड्याळासारखं मीटर, रेडिएटरच्या तोंडावर झाकणाच्या जागी तो बसवायचा आणि झाकणावर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब भरायचा. त्याच्या वर नाही, नाहीतर जे फुटलेलं नाही ते फुटेल. इंजिन थंडच हवं. मग दहा-पंधरा मिनिटं काही करायचं नाही, नुसतं काट्याकडे बघायचं. काटा जागेवर राहिला तर बाहेर गळती नाही. खाली सरकला तर टॉर्च घेऊन फिरायचं, थेंब कुठे येतो ते दिसतंच, बऱ्याचदा आधी फस्स असा आवाज येतो. इंजिन न तापवता, हात न भाजता, शांतपणे.

वागळे इस्टेट, तुर्भे एमआयडीसी या भागात गॅरेज भरपूर आहेत, फोन करून सरळ विचारा, "कूलंट प्रेशर टेस्टर आहे का?" नाही म्हणाले तर पुढचा नंबर. "आम्हाला लागत नाही, आम्ही बघून सांगतो" म्हणाले तरी पुढचा नंबर. झाकण पण याच टेस्टरवर ॲडॉप्टर लावून तपासता येतं, ते पण करून घ्या.

टेस्टर मिळालाच नाही तर घरचा उपाय: सगळे जोड फडक्याने कोरडे करा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा (पंखा आणि बेल्टपासून लांब), झाकण लावून गाडी पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत उभ्या उभ्या चालवा, बंद करा आणि कुठला टिश्यू ओला झाला ते बघा. गाडी बंद केल्यावर पहिली काही मिनिटं तापमान आणि दाब अजून चढतो, म्हणून गळती बरेचदा तेव्हाच दिसते.

केबिनमध्ये जातंय का?

डॅशबोर्डच्या आत हीटरचा छोटा रेडिएटर असतो, त्यालाच हीटर कोअर म्हणतात. आपल्याकडे हीटर कोण लावतो, माथेरान-महाबळेश्वर सोडलं तर नाहीच, त्यामुळे तो कुजत पडलेला असतो. खुणा: गाडीत बसल्यावर गोड वास, पुढच्या काचेवर आतून तेलकट थर जो पुसला तरी परत येतो, आणि पायाखालचं कार्पेट ओलं. कार्पेट ओलं असेल तर परत तोच प्रश्न, एसीचं पाणी की कूलंट, बोटाने बघा, बुळबुळीत म्हणजे कूलंट.

हीटर कोअर बदलायचा म्हणजे बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, मजुरी मोठी. माझं मत स्पष्ट आहे, ठाण्यात राहणाऱ्याने फायरवॉलपाशीच दोन्ही होज एकमेकांना जोडून हीटर बायपास करून टाकावा आणि झोपावं. पावसाळ्यात काचेवरची वाफ एसीने जाते. फक्त होज बूच मारून बंद करू नका, एकमेकांना जोडा, म्हणजे पाणी फिरत राहील. थंड गावाला नेहमी जाणारे असाल तर मात्र कोअर बदला.

इंजिनात जातंय का? (उगाच घाबरू नका)

"साहेब, हेड गेलं." हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, त्याच्या आणि ब्लॉकच्या मधलं सील म्हणजे हेड गॅस्केट, ते गेलं की कूलंट इंजिनात शिरू शकतं. हे वाक्य ऐकलं की माणूस गाडी विकायला काढतो. थांबा. ऑइलच्या झाकणाखाली थोडा पिवळट-पांढरा साय आल्यासारखा थर पावसाळ्यात, स्टेशनपर्यंतच चालणाऱ्या गाड्यांमध्ये येतो, तो नुसता दमटपणा असतो. डिपस्टिकवरचं (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) ऑइलच दुधाळ चहासारखं दिसत असेल तर मात्र गाडी चालू करू नका, टो करा.

हेड गॅस्केटच्या खऱ्या खुणा अशा: थंड गाडी सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा टणक होतो, कारण सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतोय. थंड असतानाच झाकण काढून गाडी सुरू केली तर बुडबुडे येतच राहतात, थांबत नाहीत. इंजिन पूर्ण तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर. सकाळी सुरू करताना एक सिलिंडर चुकल्यासारखी गाडी थरथरते. एक निळ्या पाण्याची टेस्ट असते, रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या पाण्यातून ओढायची, एक्झॉस्टचा गॅस असेल तर निळं पाणी पिवळं होतं. हेड उघडायच्या आधी ही टेस्ट नाहीतर कॉम्प्रेशन टेस्ट करून दाखवा असं मेकॅनिकला सांगा, तो चिडला तर चिडू दे. हेड उघडलंच तर ते लेथवाल्याकडे सपाट आहे का तपासून, वाकडं असेल तर फेसिंग करून घ्यायचं, गॅस्केट नवीन, बोल्ट टॉर्क रेंचने आणि मॅन्युअलमधल्या क्रमाने. हे काम नवशिक्याचं नाही, पण समोर उभं राहून बघा.

दुरुस्ती

झाकण आधी बदला. सगळ्यात स्वस्त पार्ट आहे आणि दहा वर्षांचं झाकण असंही संपलेलंच असतं. आकडा तोच घ्या. "जास्त दाबाचं टाका, पाणी उकळणार नाही" असं दुकानदार सांगेल, ऐकू नका, तो जास्तीचा दाब तुमच्या जुन्या होजवर आणि प्लास्टिकच्या टाकीवर जाणार.

होज बदलणं हे पहिलं काम म्हणून छान आहे. खाली टब ठेवा, रेडिएटरचा ड्रेन उघडा, प्लास्टिकचा असेल तर हळू, तुटतो. क्लिप सैल करा आणि मागे सरकवा. होज चिकटलेला असतो, तो स्क्रू ड्रायव्हरने उचकटायचा नाही, खालची नळी प्लास्टिकची असेल तर ती मोडते आणि शंभर रुपयांच्या कामात रेडिएटर जातो. हाताने डावी-उजवी पिळा, सुटला नाही तर कटरने लांबीच्या दिशेने चीर द्या आणि सोला, जुना टाकायचाच आहे. मग ती नळी भांडी घासायच्या स्क्रबरने घासून गुळगुळीत करा, पांढरा थर राहिला तर नवा होज पण गळणार. नव्या होजच्या आत कूलंटचा हात फिरवा, तो सहज सरकतो, ग्रीस आणि सिलिकॉन लावू नका. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, उंचवट्यावर नाही आणि होजच्या अगदी टोकाला पण नाही. घट्ट करताना रबर क्लिपच्या भोकांतून बाहेर यायला लागला म्हणजे जास्त झालं. एक-दोन दिवस गाडी चालली की थंड असताना परत एकदा स्क्रू तपासा, रबर बसतो आणि अर्धा आटा सैल होतो.

रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर रेडिएटरवाल्याकडे झाळून मिळतो आणि चांगला टिकतो. ॲल्युमिनियम-प्लास्टिकचा असेल तर बदलाच, एम-सील लावून घरी पोचता येतं, वर्ष काढता येत नाही. ठाण्यात पार्ट मिळाला नाही तर कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच, पण तिथे जाताना जुना पार्ट पिशवीत घालून न्या, तोंडी वर्णनावर विश्वास नको.

थर्मोस्टॅट हाउसिंग गळत असेल तर जुनं गॅस्केट खरवडताना ॲल्युमिनियमवर चरे पाडू नका. बोल्ट छोटे असतात आणि गंजलेले, आदल्या रात्री डब्ल्यूडी-४० मारून ठेवा. उघडलंच आहे तर थर्मोस्टॅट पण नवा टाका. आणि "वॉल्व्ह (म्हणजे हाच थर्मोस्टॅट) काढूनच टाकू, गाडी तापणारच नाही" हा आपल्याकडचा लाडका सल्ला नाकारा. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, तोपर्यंत इंजिनला गरम होऊ देतो. तो काढला की इंजिन थंडच चालतं, ॲव्हरेज पडतं, झीज वाढते, आणि मूळ गळती जिथे होती तिथेच राहते.

वॉटर पंप: काही इंजिनांत तो काढायला टायमिंग बेल्ट काढावाच लागतो. तसं असेल तर पंप आणि बेल्ट एकाच वेळी बदला, मजुरी एकदाच पडते. हे गॅरेजला द्या.

हळद! हायवेवर रेडिएटर गळायला लागला की ड्रायव्हर मंडळी त्यात मूठभर हळद टाकतात, आणि खरंच, बारीक भोक बुजतं. बाजारातली लीक-स्टॉपची बाटली पण त्याच तत्त्वावर चालते. पण ते भोकाजवळच जाऊन बसतं असं थोडंच आहे, रेडिएटरच्या बारीक नळ्या आणि हीटर पण चोंदतात. पनवेलच्या पुढे कुठे अडकलात आणि दुसरा मार्गच नाही तर ठीक, घरी आलं की गळती दुरुस्त करून सगळं फ्लश करा.

भरायचं कसं

बोअरिंगचं आणि टँकरचं पाणी नको, घोडबंदरच्या सोसायट्यांत राहणाऱ्यांना बादलीवरचा पांढरा थर माहीत आहेच, तोच आत रेडिएटरमध्ये बसतो. डिस्टिल्ड किंवा डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी) घ्या. दुकानात "बॅटरीचं पाणी" मागितलं तर बाटलीवर वाचून घ्या, पाणीच आहे ना, ॲसिड नाही ना. कूलंट दोन प्रकारात मिळतं, रेडीमिक्स जे तसंच ओतायचं, आणि कॉन्सन्ट्रेट ज्यात निम्मं पाणी घालायचं. रंगावर जाऊ नका, हिरवं म्हणजे अमुक आणि लाल म्हणजे तमुक असा काही पक्का नियम नाही, मॅन्युअलमध्ये कुठला प्रकार लिहिलाय ते बघा. आधी काय घातलंय माहीत नसेल तर त्यात नवीन मिसळू नका, सगळं काढा, डीएम वॉटरने फ्लश करा आणि एकच भरा.

मग एअर काढायची, कारण आत हवा अडकली तर गळती नसतानाही गाडी तापते. गाडीचं नाक जरा वर राहील अशी उभी करा, बेसमेंटचा रॅम्प चालतो, हँडब्रेक आणि चाकामागे वीट. हीटर फुल गरमवर. एअरचा स्क्रू असेल तर सैल करा. हळूहळू भरा, मध्ये मध्ये वरचा होज दाबा, बुडबुडे येतील. रेडिएटरलाच झाकण असलेल्या गाडीत झाकण न लावता इंजिन सुरू करा, लेव्हल खाली गेली की भरत राहा, पंखा एकदा फिरून बंद झाला की झाकण लावा, बाटली मार्कपर्यंत भरा. तोंड आत वाकवून बघू नका, उसळी येते. पहिल्या एक-दोन दिवसांत लेव्हल थोडी उतरते, ती आत राहिलेली हवा असते, त्यानंतर रेघ हलली नाही पाहिजे.

रस्त्यात तापलीच तर

गायमुखच्या चढावर कंटेनरच्या मागे पहिल्या गियरमध्ये अडकलात आणि काटा वर सरकायला लागला तर एसी बंद, हीटर फुल गरम, ब्लोअर फुल, काचा खाली. घाम निघेल पण इंजिनची उष्णता केबिनमध्ये येते. काटा लालला टेकला की डावीकडे घ्या, हॅझर्ड लावा, इंजिन बंद करा. काटा वर जाऊन एकदम खाली आला तर सुटलो असं समजू नका, सेन्सरपाशी पाणीच उरलेलं नाही असं असू शकतं, मग तर लगेच बंद करा. बॉनेट उघडा, झाकण नाही, निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. तापलेल्या इंजिनवर किंवा इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेड वाकतं, चिरतं. पूर्ण थंड झाल्यावर साधं पाणी थोडं थोडं भरा आणि जवळच्या गॅरेजपर्यंतच जा, "ठाण्याला पोचतोच आता" नको.

काढलेलं जुनं कूलंट गटारात ओतू नका, झाडांना पण नको. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर मोठ्या अक्षरात "कूलंट, विष" लिहा आणि जुनं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला विचारून द्या, बरेच जण घेतात. टब घरी परत नेऊ नका, तो आता गाडीचा.